बाटलींतलें बळ आणि पायांतलें बळ

आमच्या घरीं देवघराला लागून भिंतींत एक कपाट आहे. पूर्वीं त्यांत पोथ्या, जुनीं पंचांगें आणि उदबत्तीचे पुडे असत. गेल्या चार-पांच वर्षांत पोथ्या खालच्या फळीवर उतरल्या आणि वरच्या फळीवर बाटल्यांनीं ठाण मांडलें. गेल्या चैत्रांत झाडलोट करतांना मीं त्या मोजल्या, तों नऊ भरल्या. या सर्व बाटल्या आमच्या वहिनींच्या. वहिनींचें वय ७४ वर्षांचें आणि त्यांच्या गुडघेदुखीचें वय १२ वर्षांचें.

यांतील एकही बाटली त्यांनीं स्वतः विकत आणलेली नव्हती. धाकट्या चिरंजिवांनीं अमेरिकेहून ग्लुकोसामाईन आणलें, लेकीनें हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल दिल्या, व्याह्यांनीं शल्लकीच्या गोळ्या धाडल्या, शेजारच्या काकूंनीं अश्वगंधा सुचविली. प्रत्येक बाटलीमागें कोणाची तरी माया होती, आणि बहुतेक प्रत्येकीवर ‘नैसर्गिक’ हा शब्द ठसठशीत छापलेला होता. माझी मोजदाद पाहून वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, इतकें सारें घेतें, तरी उंबरा ओलांडतांना देवाचें नांव घ्यावें लागतें. यांतलें खरें कामाचें कोणतें, तें तुम्हीं तरी एकदां नीट पाहून सांगा.”

जन्मभर मुलांची उत्तरें तपासलेल्या मास्तराला घरच्याच प्रश्नाचें उत्तर देतां येऊं नये, ही लाजिरवाणी गोष्ट. म्हणून मीं डॉक्टरांना विचारलें, वैद्यांना विचारलें, मिळालें तें वाचलें. हाच प्रश्न घरोघरीं असल्यामुळें जें हातीं लागलें तें या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहें.

प्रथम दुखण्याचें स्वरूप पाहूं. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुनःपुन्हां उद्भवणाऱ्या वेदनेला जुनाट वेदना म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं मान्य केलेल्या रोगांच्या वर्गीकरणांत तिला स्वतंत्र स्थान मिळालें आहे. कांटा रुतला म्हणजे होणारी वेदना पहारेकऱ्यासारखी असते. ती वेळीं हांक मारते आणि कांटा निघाला कीं गप्प बसते. जुनाट वेदनेचा पहारेकरी मात्र चोर नसतांही रात्रभर ओरडत असतो. म्हणून ‘दुखतें आहे, अर्थात् आंत कांहीं तरी तुटत आहे’ असें प्रत्येक वेळीं समजणें बरोबर नाहीं.

गुडघ्याची गोष्ट घ्या. झिजेच्या संधिवातांत हाडांच्या टोकांवरील कूर्चा झिजते, हें खरें. परंतु गुडघा केवळ कूर्चेवर उभा नसतो. मांडीच्या पुढच्या बाजूचे बळकट स्नायु त्याला सांवरून धरतात. गुडघा दुखला कीं माणूस बसतो. बसला कीं हे स्नायु रोडावतात. ते रोडावले कीं सारा भार सांध्यावर येतो. आणि सांधा अधिक दुखूं लागतो. हें चक्र एकदां फिरूं लागलें म्हणजे आपोआप थांबत नाहीं.

आपल्या एकत्र कुटुंबांत या चक्राला गति देणारी आणखी एक शक्ति असते. ती म्हणजे घरच्यांचें प्रेम. “आई, तुम्ही उठूं नका, मी आणतें.” “आजी, तूं बैस, मी देतों.” वहिनी पूर्वीं पहांटे उठून सडा घालीत, फुलें काढीत, जिन्यानें माडीवर जाऊन पापड वाळत घालीत. सुनांनीं एकेक काम हातांतून काढून घेतलें. तेंही मोठ्या आदरानें. पांच वर्षांत त्यांच्यासाठीं घरांत फक्त एक खुर्ची उरली. सुनांना मी दोष देत नाहीं. त्यांनीं तसें केलें नसतें तर आपणच त्यांना नांवें ठेवलीं असतीं. परंतु जी माया हालचाल बंद करते ती पायांचें बळ घालविते, हें आतां ओळखलें पाहिजे.

आतां कपाटाकडे वळूं. त्या नऊ बाटल्यांचे दोन वर्ग पडतात. शरीरांत जें खरोखर कमी आहे तें भरून काढणाऱ्या बाटल्या हा पहिला वर्ग; आणि वेदना शमविण्याचें वचन देणाऱ्या हा दुसरा.

पहिल्या वर्गांत ‘ब-१२’ आणि ‘ड’ हीं जीवनसत्त्वें येतात. ‘ब-१२’ वनस्पतींपासून भरंवशानें मिळत नाहीं. शाकाहारी माणसाला तें दूध, दहीं, ताक यांतूनच काय तें मिळतें, आणि उतारवयांत तें अंगीं लागण्याची शक्तीही मंदावते. त्याच्या उणिवेनें पायांना मुंग्या येतात, तळवे जळजळतात, तोल जातो. आणि आपण तें सारें ‘वाता’च्या खात्यावर लिहून मोकळे होतों. ‘ड’ हें अंगावर ऊन पडल्यानें शरीर स्वतः तयार करतें. परंतु ज्या बायकांचा दिवस माजघरांत जातो त्यांना ऊन मिळावें कोठून? त्याच्या मोठ्या उणिवेनें हाडें मऊ पडतात आणि सर्वांग ठणकतें. या दोहोंची तपासणी रक्तावरून होते. उणीव असेल तर हीं पूरकें घेणें हें कर्तव्यच आहे. तथापि उणीव भरून निघाल्यावरही घेत राहणें धोक्याचें. ‘ड’ची ६०,००० युनिटांची मात्रा आठवड्यांतून एकदां, कांहीं ठराविक आठवडेच घ्यावयाची असते. ती कोणी रोज घेतो, कोणी वर्षानुवर्षें चालू ठेवतो. अशानें रक्तांतील कॅल्शियम भलतेंच वाढून मूत्रपिंडांना अपाय होतो.

दुसऱ्या वर्गाचा अग्रणी ग्लुकोसामाईन. कूर्चेच्या घडणींत हें द्रव्य असतें, म्हणून तें खाल्लें कीं कूर्चा भरून येईल, अशी ही विचारसरणी आहे. अमेरिकेंत सरकारी खर्चानें याची मोठी परीक्षा झाली व तिचा निकाल २००६ सालीं प्रसिद्ध झाला. गुडघेदुखीच्या १५८३ रोग्यांना निरनिराळ्या गटांत वांटून २४ आठवडे गोळ्या दिल्या. एका गटाच्या गोळींत औषध मुळींच नव्हतें. मात्र ती दिसावयास तशीच होती. ती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ६० लोकांना चांगला उतार पडला! ग्लुकोसामाईन घेणाऱ्यांत हें प्रमाण शेंकडा ६४ होतें, आणि हा फरक योगायोगाहून मोठा ठरला नाहीं. अधिक तीव्र वेदना असणाऱ्या एका लहान गटांत ग्लुकोसामाईन व काँड्रॉइटिन एकत्र दिल्यानें गुण आल्यासारखें वाटलें. परंतु २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या दोन वर्षांच्या निरीक्षणांत लक्षांत घेण्याजोगा लाभ कोणत्याच गटांत आढळला नाहीं.

त्या ६० लोकांचा उतार खोटा होता, असें मात्र समजूं नये. जुनाट दुखणें भरती-ओहोटीसारखें असतें. माणूस नवें औषध घेतो तें दुखणें शिगेला पोंचलें असतां. आणि शिगेला पोंचलेलें दुखणें पुढें कांहींसें उतरतेंच. त्यांत कोणी तरी आपली विचारपूस करतें आहे या समाधानाची भर पडते. म्हणून “मला गुण आला” हें वाक्य प्रामाणिक असूनही, गुण त्याच बाटलीचा होता हें त्यावरून सिद्ध होत नाहीं.

ग्लुकोसामाईनविषयीं आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. बाजारांत मिळणारें ग्लुकोसामाईन बहुधा खेंकडे व कोळंबी यांच्या कवचांपासून काढतात, आणि काँड्रॉइटिन जनावरांच्या कूर्चेपासून. आमचे दादा एकादशीला लसूण घातलेली चटणी पानाजवळ येऊं देत नाहींत. आणि त्यांनींच दोन वर्षें रोज सकाळीं, पूजेनंतर, वहिनींच्या हातावर ती गोळी ठेवली होती. मीं हें सांगितल्यावर ते बराच वेळ बोलले नाहींत. वहिनी मात्र पदराआड हंसल्या. वनस्पतिजन्य प्रकारही मिळतो. पण लेबल वाचणाऱ्यालाच तो सांपडतो.

हळदीचें प्रकरण अधिक नाजूक, कारण तेथें आपला अभिमान गुंतलेला आहे. १९९५ सालीं अमेरिकेंत हळदीनें जखम बरी करण्याच्या उपायावर पेटंट दिलें गेलें, तेव्हां डॉ. रघुनाथ माशेलकर ज्या परिषदेचे प्रमुख होते त्या आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें जुने आधार पुढें करून १९९७ सालीं तें रद्द करविलें. याचा आनंद कोणाला होणार नाहीं? परंतु हळद आपली आहे हें सिद्ध झाल्यानें ती गुडघ्यावर किती चालते हें सिद्ध होत नाहीं. ते दोन निराळे खटले आहेत. हळदींतील कर्क्युमिन या द्रव्यानें गुडघेदुखींत थोडा उतार पडतो, असें कित्येक लहान प्रयोगांत दिसलें आहे. पण हिशेब पाहा: चहाच्या चमचाभर हळदींत, म्हणजे सुमारें ३ ग्रॅममध्यें, कर्क्युमिन शेंकडा ३ धरलें तरी ९० मिलिग्रॅमच्या आसपासच भरतें; प्रयोगांत दिवसाला ५०० ते १५०० मिलिग्रॅम दिलेलें असतें. शिवाय तें आंतड्यांतून फार थोडें शोषलें जातें. मिऱ्यांतील पायपरीन बरोबर दिल्यास रक्तांतील त्याचें प्रमाण सुमारें वीसपट वाढतें, असें बंगळूरच्या संशोधकांनीं १९९८ सालीं दाखविलें. म्हणून अर्काच्या कॅप्सुलांत हल्लीं मिरीं घालतात.

तेव्हां हळदीचें दूध हें अन्न आहे. तें खुशाल घ्यावें. कॅप्सूल ही मात्र औषधाच्या पंक्तीला बसते, आणि औषधाचे दोष तिलाही लागूं होतात. अशा अर्कांनीं यकृताला सूज आल्याचीं उदाहरणें इटलींत २०१९ सालीं व पुढें अमेरिकेंतही नोंदलीं गेलीं. अश्वगंधेच्या गोळ्यांविषयींही तशा नोंदी आहेत. रक्त पातळ ठेवण्याचें औषध ज्यांना चालू आहे, ज्यांना मुतखड्याची खोड आहे, किंवा ज्यांची शस्त्रक्रिया ठरली आहे, त्यांनीं डॉक्टरांना विचारल्यावांचून हळदीचा अर्क घेऊं नये.

शल्लकी म्हणजे आपल्या विदर्भाच्या रानांतली साळई. तिच्या डिंकाचा अर्क ३० रोग्यांना देऊन नागपूरच्या डॉक्टरांनीं केलेला प्रयोग २००३ सालीं प्रसिद्ध झाला. आठ आठवड्यांत वेदना कमी झाल्या, गुडघा अधिक वांकूं लागला, चालण्याचें अंतर वाढलें. क्ष-किरणांच्या चित्रांत मात्र फरक दिसला नाहीं. आशा वाटावी असा हा निकाल आहे. तथापि ३० ही संख्या लहान आहे. पोट बिघडत नसेल तर वैद्यांच्या सल्ल्यानें दोन महिने घेऊन पाहावी. गुण न आल्यास बंद करावी.

‘नैसर्गिक’ या शब्दावर विसंबण्याचें फळ आमच्या घरानें एकदां भोगलें आहे. तीन वर्षांपूर्वीं एका फिरत्या विक्रेत्यानें वहिनींना सांधेदुखीवरची ‘शुद्ध जडीबुटीची’ भुकटी दिली. पुडीवर ना नांव, ना पत्ता, ना घटक. चार दिवसांत वहिनी जिना चढूं लागल्या. घरांत पेढे वांटले. मीं स्वतः दोन मित्रांना ती पुडी सुचविली, हें कबूल केलें पाहिजे. तीन महिन्यांनीं वहिनींचा चेहरा वाटोळा सुजला, हातांवर काळेनिळे डाग उमटूं लागले, रक्तांतील साखर वाढली. डॉक्टरांनीं पाहतांच सांगितलें कीं हीं स्टेरॉइडचीं लक्षणें आहेत. अशा निनांवी भुकट्यांत स्टेरॉइड किंवा वेदनाशामक औषध चोरून मिसळण्याचा प्रकार डॉक्टरांना चांगला परिचित आहे. तें एकाएकीं बंद करणेंही जिवावर बेतूं शकतें, कारण शरीर स्वतःचें तें द्रव्य करावयाचें सोडून देतें. डॉक्टरांनीं कांहीं महिने हळूहळू मात्रा उतरवून त्यांना त्यांतून सोडविलें. मीं त्या दोन मित्रांकडे त्याच दिवशीं धांव घेतली. तेव्हांपासून माझा एक नियम आहे: जुनाट दुखण्यावर चार दिवसांत चमत्कार करणारी नैसर्गिक पुडी दिसली, कीं प्रथम संशय घ्यावा आणि आनंद मागाहून करावा.

मग पायांत बळ आणावें कसें? हा विषय मीं काढतांच दादांनीं अष्टांगहृदय पुढें केलें. “वातरोग्यानें व वृद्धानें व्यायाम वर्ज्य करावा, असें वाग्भटानेंच सांगितलें आहे.” दादांचें म्हणणें खरें होतें, वाग्भटाचें तसें वचन आहे. परंतु शास्त्र वाचावयाचें तें सबंध वाचावें. बलवानानेंही व्यायाम अर्ध्या शक्तीनेंच करावा, अशी मर्यादा त्याच ठिकाणीं आहे. यावरून तेथें व्यायाम या शब्दानें कुस्ती-जोर यांसारखे श्रम अभिप्रेत आहेत, असें मला वाटतें. उलट, देहाला फार पीडा न देणारें चंक्रमण, म्हणजे चालणें, आयुष्य, बळ, बुद्धि व जठराग्नि वाढविणारें आहे, असें सुश्रुतानें स्पष्ट सांगितलें आहे. “दादा, वहिनींना मी आखाड्यांत उतरवीत नाहीं; चंक्रमण करवितों,” असें म्हटल्यावर दादांनीं पोथी मिटली.

आजचें वैद्यकही हेंच म्हणतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या शिफारशींप्रमाणें प्रौढांनीं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटें मध्यम हालचाल करावी, दोन दिवस स्नायु बळकट करणारा व्यायाम करावा आणि वृद्धांनीं तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव करावा. जुनाट विकार असलेल्यांनींही आपल्या शक्तीप्रमाणें तेथवर जावें. अमेरिकेंत २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत गुडघेदुखी असलेल्या ४५४ स्थूल स्त्री-पुरुषांना १८ महिने पाहिलें. आहार आणि व्यायाम दोन्ही सांभाळणाऱ्यांची वेदना सर्वांत कमी झाली. वजन एक किलो घटलें तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारें चार किलोंनीं हलका होतो, असेंही मापन झालेलें आहे. अर्थात् व्यायामाचा गुणही अलौकिक नाहीं. तो माफक असतो, त्याला आठवडे लागतात, आणि व्यायाम सोडला कीं तोही ओसरतो. परंतु त्याबरोबर तोल, झोंप, साखर, रक्तदाब आणि मन हींही सुधारतात; ही वरकड बाटलींत मिळत नाहीं.

वहिनींचा क्रम येणेंप्रमाणें आंखला. खुर्चीवर ताठ बसून एक पाय समोर सरळ करावयाचा, पांच अंक मोजेपर्यंत धरावयाचा, हळूच खालीं सोडावयाचा. प्रत्येक पायाचे दहा वेळ. मग हाताचा आधार कमीत कमी घेऊन खुर्चीवरून उठावयाचें व बसावयाचें. आरंभीं पांच वेळ. ओट्याला धरून एका पायावर क्षणभर उभें राहावयाचें. सपाट अंगणांत सकाळ-संध्याकाळ पांच-पांच मिनिटें चालावयाचें. दर आठवड्याला एक-दोन मिनिटें वाढवावयाचीं. मर्यादा ओळखण्याची खूण अशी: करतांना थोडें दुखलें तर भिऊं नये, दुसऱ्या दिवशीं नेहमींपेक्षां अधिक दुखलें तर क्रम निम्म्यावर आणावा, पण बंद करूं नये. मात्र सांधा तांबडा-गरम होऊन सुजणें, ताप, अकारण वजन घटणें, रात्रीं वेदनेनें जाग येणें, पाय बधिर होणें, लघवीवरचा ताबा जाणें, यांपैकीं कांहींही दिसल्यास घरगुती उपाय न करतां तत्काळ डॉक्टरांकडे जावें.

स्नायूंना नुसता व्यायाम पुरत नाहीं. त्यांना अन्नांतून प्रथिनें लागतात. वजनाच्या दर किलोला दिवसाला सुमारें एक ग्रॅम प्रथिन वृद्धांस मिळावें, असा हल्लींचा सल्ला आहे; मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रमाण डॉक्टरांनीं ठरवावें. ३० ग्रॅम डाळींत सुमारें ७ ग्रॅम आणि पेलाभर दुधांतही जवळजवळ तितकेंच प्रथिन असतें. आमच्या घरच्या बायका मात्र सर्वांचें जेवण झाल्यावर तळाशीं उरलेल्या वरणाच्या पाण्यावर भात कालवितात. त्यांत चतुर्थी, एकादशी, सोमवार यांचा साबुदाणा. तो जवळजवळ निव्वळ पिठूळ. दाण्यांचें कूट सढळ घातलें आणि सोबत दही-दूध घेतलें, तर उपास मोडत नाहीं आणि स्नायूही उपाशी राहत नाहींत.

आज कपाटांत दोन बाटल्या उरल्या आहेत: एक तपासणीअंतीं डॉक्टरांनीं सांगितलेल्या ‘ब-१२’ची, आणि दुसरी शल्लकीची, तिची मुदत या महिन्याअखेर संपते. सुनांनीं फुलें काढण्याचें काम वहिनींना परत दिलें. हें देणें त्यांना सोपें गेलें नाहीं. पहिले आठ दिवस धाकटी सून खिडकीआड उभी राहून पाहत असे. गुडघे अजून दुखतात. दुखणें गेलें असें मीं लिहिलें तर वहिनीच हा अंक वाचून मला खोटा पाडतील. परंतु गेल्या गुरुवारीं त्या कोणाचा हात न धरतां कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत गेल्या, पाराला टेकून घटकाभर बसल्या आणि पुन्हां चालत घरीं आल्या. उंबरा ओलांडतांना त्यांनीं देवाचें नांव घेतलें. “अजून लागतें का हो नांव घ्यावें?” असें मीं विचारलें, तेव्हां म्हणाल्या, “लागत नाहीं, भाऊजी, संवय आहे.”